कुठली पिशवी

धक्क्यावर येसूबाईनं बर्फ घातलेली पाटी गुडघ्यापर्यंत उचलली आणि तशीच खाली ठेवली. शेजारी गोजरा डोक्यावरच्या चुंबळीला पीळ देत उभी होती.

"काय झाला?" गोजरानं विचारलं.

"काय नाय. पाय सरकला."

पाय सरकला नव्हता. ओझं उचललं की मांड्यांच्या मध्ये काहीतरी उतरतं, हे येसूबाईला धाकट्या लेकीच्या वेळच्या बाळंतपणापासून ठाऊक होतं. आधी ते नुसतं बोटाला लागायचं. मग बसल्यावर टोचायला लागलं. आता गेल्या पावसापासून चालताना परकराला घासायचं, आणि संध्याकाळी तिथं आग आग व्हायची. गावात बायका त्याला अंग येणं म्हणत, तेही हळू आवाजात. तिच्या सासूचंही अंग यायचं. सासू कासोटा आवळून बांधायची. त्याबद्दल ती मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

येसूबाईनं आपला आपण उपाय शोधला होता. आडोशाला बसायचं, बोटानं ते आत ढकलायचं आणि धरून ठेवायचं. मग लघवी सुटायची. हात धुवायचा आणि परत मासळीपाशी यायचं. जगात ही युक्ती आपल्या एकटीलाच सुचली असणार, असं तिला वाटायचं.

यंदा ओझं वाढलं होतं. बाळाराम, तिचा नवरा, खाडीत जाळं टाकायचा, त्यात आता मासळीपेक्षा गाळ आणि प्लॅस्टिकच जास्त यायचं. पूर्वी घरचीच कोलबी, घरचीच बोयटी पाटीत असायची. आता धक्क्यावर लिलावात उभं राहून माल घ्यायचा, टेम्पोत चढवायचा, उलव्याला उतरवायचा आणि टॉवरांच्या कोपऱ्यावर नेऊन मांडायचा. त्या कोपऱ्यावर ती आणि गोजरा बसायच्या. हल्ली एक जण बाईकला मोठा आइसबॉक्स बांधून तिथं घिरट्या घालायला लागला होता. जागा एक दिवस मोकळी दिसली तर तो उभा राहणार, हे दोघींनाही कळत होतं.

त्या दिवशी कोपऱ्यावर बसल्यावर तिला लघवीला लागली. ती मागच्या सुलभ शौचालयात गेली, बसली, ढकललं, धरलं. काहीच आलं नाही. परत येऊन तिनं दोन गिऱ्हाइकं केली आणि पुन्हा गेली. थेंब नाही. ओटीपोट ताणून कडक झालं. एक बाई कोलबी सोलून मागत होती. येसूबाईचं सगळं लक्ष ओटीपोटात होतं, म्हणून कोलबीची डोकी अर्धवट निघत होती.

"मावशी, नीट साफ करा ना," ती बाई म्हणाली.

येसूबाईनं मान हलवली आणि ती बाजूच्या गटारात ओकली.

गोजरानंच येसूबाईच्या सुनेला, रुतिकाला फोन लावला. रुतिका महाप्याला एका कंपनीत कामाला होती, त्या दिवशी तिची सुट्टी होती. ती स्कूटीवरून आली आणि सासूला मागं बसवून जवळच्या नर्सिंग होममध्ये घेऊन गेली. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला येसूबाई सुनेच्या खांद्यात नखं रुतवत होती.

तिथं नर्सनं नळी घातली आणि सगळं मोकळं झालं. येसूबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतकं सुख तिला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. डॉक्टर आले, हातमोजा घालून त्यांनी तपासलं, आणि मोजा काढता काढताच म्हणाले, "पिशवी खाली आलीये. वय बघता आता तिचा काही उपयोग नाही. काढून टाकू. लवकर ठरवा." मग त्यांचा फोन वाजला.

येसूबाई आली होती लघवी तुंबली म्हणून. नर्सनं नळी घालून जे काढलं ते लघवीच्या पिशवीतलं. आणि डॉक्टर म्हणत होते, पिशवीचा काही उपयोग नाही, काढून टाकू. तिनं ते तसंच ऐकलं. घरी येईपर्यंत ती एकाच गोष्टीचा विचार करत होती, की पिशवीच काढली तर पाणी राहील कुठं.

घरी बाळाराम पडवीत जाळं शिवत होता.

"काय म्हनला डाक्टर?"

"पिशवी खाली आली म्हनं," येसूबाई म्हणाली.

"खाली म्हंजे कुठं खाली?"

येसूबाईनं सुनेकडं पाहिलं. रुतिका म्हणाली, "बाबा, बायकांचं असतं ते. ऑपरेशन सांगितलंय." बाळारामनं मान खाली घातली आणि एकच गाठ परत परत मारत बसला. संध्याकाळी मुलगा दीपेश विमानतळावरच्या कामावरून आला. त्यानं 'पिशवी काढायची' एवढंच ऐकलं आणि त्याचं तोंड उतरलं. त्याच्या मित्राच्या आईची पिशवी कॅन्सरमुळे काढली होती. तो आईच्या पुढ्यात बसला, काहीतरी विचारायचं म्हणून "आये, दुखतंय का" विचारलं, आणि ती "नाय" म्हणाल्यावर उठून गेला. घरात चौघं होते आणि चौघांच्या डोक्यात चार निरनिराळे आजार होते.

येसूबाईनं पाणी पिणं जवळजवळ बंद केलं. जेवढं कमी आत जाईल तेवढं बरं, असा तिचा हिशेब. तोंड सुकायचं, डोकं चढायचं. तरी ती कोपऱ्यावर जात राहिली. पाटी आता गोजरा तिला हात लावून चढवायची.

"तुजी पिशवी काढली ना गं?" एके दिवशी तिनं गोजराला विचारलं. आजूबाजूला गिऱ्हाईक नव्हतं.

"काढली की. कवाच."

"मंग तू मुततंस कशी?"

गोजरा हातातली सुरमई तशीच धरून तिच्याकडं बघत राहिली. मग हसली. मग हसता हसता थांबली. "येडी हायस का तू? ती येगली पिशवी. पोरांची. मुताची येगली."

"दोन हायेत?"

"दोन हायेत."

येसूबाईनं यावर बराच वेळ विचार केला. मोरलीच्या पात्यावर मासा कापत होती, त्याचे तुकडे लहान-मोठे पडत होते. "मंग मना तरास लगवीचा हाय," ती म्हणाली, "तं पोरांची पिशवी कशाला काढतात?"

गोजरानं सुरमई पलटली, परत पलटली. तिनं आपल्या वेळेला असं काही विचारलंच नव्हतं.

रुतिकाच्या ऑफिसातल्या एका बाईनं खारघरच्या एका मोठ्या हॉस्पिटलाचं नाव सांगितलं. तिथं याच कामाच्या डॉक्टरीणबाई होत्या, सुनीती म्हणून. बायकांचं अंग येणं, लघवी गळणं, लघवी तुंबणं, एवढंच त्या बघत. बाळारामनं धुतलेला शर्ट घातला आणि तोही निघाला. बाहेरच्या बाकावर सगळ्या बायकाच होत्या. तो एका कोपऱ्यात भिंतीला तोंड करून उभा राहिला, एखाद्या परक्या लग्नात आल्यासारखा.

सुनीती मॅडमनी आधी तपासलं नाही, आधी विचारलं. काम काय करता, ओझं किती, टोपली डोक्यावर कोण चढवतं, बाळंतपणं घरी झाली का दवाखान्यात, बाळंत झाल्यावर कधी कामाला लागलात. येसूबाई सांगत होती आणि तिला कळत नव्हतं की लघवीच्या दवाखान्यात पाटीची चौकशी कशाला.

"खोकताना, हसताना कपडे ओले होतात?"

"नाय," येसूबाई ठासून म्हणाली. तेवढं तरी आपलं धड आहे, असं तिला वाटलं.

"लघवी करायला बोटानं आत ढकलावं लागतं?"

ही गोष्ट तिनं नवऱ्याला सांगितली नव्हती, गोजराला नाही, लेकीला नाही. ती शेजारी बसलेल्या सुनेकडं वळली. रुतिका भिंतीवरचं चित्र बघत होती. "मी बाहेर थांबते, आई," ती म्हणाली आणि गेली.

"तुमाला कुनी सांगितला?" येसूबाईनं हळूच विचारलं.

"कुणी नाही. बाहेर बसल्यात ना, त्यातल्या निम्म्या तेच करतात."

येसूबाईला दारातून बाहेर वाकून त्या बायकांची तोंडं बघावीशी वाटली.

मग तपासणी. एका खुर्चीवर बसून लघवी करायला लावली, खाली यंत्र होतं, ते घरघरत होतं. त्या आवाजानं तिची लघवी अडली. नर्सनं नळ सोडून ठेवला तेव्हा थोडी आली. पोटावर गार चिकट काहीतरी लावून मशीन फिरवलं, तर अर्ध्याहून जास्त लघवी आतच राहिलेली. मग टेबलावर पाय पसरून झोपवलं. "पाटी उचलताना लावता तसा जोर लावा," मॅडम म्हणाल्या. येसूबाईनं जोर लावला. तिला ते उतरताना जाणवलं आणि तिनं डोळे गच्च मिटून घेतले. दिवसाच्या उजेडात ते दुसऱ्या कुणी बघत होतं.

मॅडमनी एक मऊ, रबरासारखी कडी घेतली, वाकवून आधाराला आत बसवली. "आता उठून उभ्या राहा."

येसूबाई उभी राहिली. काहीच घासत नव्हतं. ती एक पाऊल चालली, दुसरं चालली. तिला हसू यायला लागलं.

"आता खोका. जोरात."

ती खोकली. आणि तिच्या मांडीवरून गरम धार ओघळून फरशीवर पडली, मॅडमच्या चपलेपाशी. येसूबाई थिजली. तिनं दोन्ही हातांनी परकर आवळला.

"तुमी काय केलात मना?" ती म्हणाली. "मना हा नव्हता."

नर्स फरशी पुसायला लागली. मॅडमनी येसूबाईला बसवलं, बाळारामलाही आत बोलावलं आणि सावकाश सांगितलं. आतला आधार सैल झाला की सगळंच खाली येतं, लघवीची पिशवीही आणि गर्भाची पिशवीही. लघवीची नळी त्यात मुडपते. मुडपलेल्या नळीतून गळत नाही, पण पुरतं सुटतही नाही. आता कडीनं सरळ केली, तेव्हा कळलं की त्या नळीचं तोंडही सैल आहे.

"म्हंजे माजे दोन रोग हायेत?"

"दोन म्हणा."

"आनि एक दुसऱ्याला झाकत व्हता?"

"हो. तसंच."

"मंग झाकलेलाच ऱ्हाऊ द्या ना."

मॅडम हसल्या नाहीत. "झाकून ठेवलं तर परत तुंबेल. मग किडनीवर जाईल."

बाळाराम पुढं सरकला. "पिशवी काढायचा म्हनले ते पयले डाक्टर."

"कुठली पिशवी?" मॅडमनी विचारलं.

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. बाळारामनं बायकोकडं पाहिलं. येसूबाईनं ओटीपोटावर हात ठेवला, मग तो थोडा खाली नेला, मग परत वर आणला.

"लघवीची कुणी काढत नाही," मॅडम म्हणाल्या. "गर्भाची काढलीच पाहिजे असंही नाही. वर बांधून ठेवता येते. ऑपरेशन नको असेल तर ही कडी वापरा, काढून धुवायची, दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं. ऑपरेशन केलं तर गळण्याचं त्याच वेळी करता येतं, नळीखाली आधाराची पट्टी घालून. किंवा आधी एक, मग बघून दुसरं. पण ऑपरेशननंतर तीन महिने ओझं बंद. आणि पुढंही अशी पाटी नाही. तुम्हाला काय हवंय?"

"तुमी म्हनाल तसा," बाळाराम म्हणाला.

"मी त्यांना विचारतेय."

येसूबाईला आयुष्यात लग्न, पोरं, जाळं, धंदा, कशाबद्दलच कुणी असं विचारलं नव्हतं. ती खुर्चीत चुळबुळली. एकच पिशवी काढायची होती तोवर गोष्ट कठीण पण एक होती. आता चार वाटा झाल्या आणि प्रत्येक वाटेवर एक 'पण' बसलेला. "कडीच असू दे आता," ती म्हणाली, कारण कडी आधीच आत होती.

कडीचे दिवस विचित्र गेले. चालताना हलकं वाटायचं, लघवी आपसूक सुटायची. आणि बाकीच्या वेळीही सुटायची. शिंक आली, हसू आलं, बादली उचलली की ओलं. पूर्वी ती तुंबलेली पण कोरडी होती, आता मोकळी पण ओली. यातला आजार कुठला आणि औषध कुठलं, हे तिला ठरवता येईना. कोपऱ्यावर त्याचं काही वाटायचं नाही, तिथं सगळंच ओलं. बर्फाचं पाणी, मासळी धुतलेलं पाणी, सगळ्यांच्या लुगड्यांचे काठ भिजलेले. पण संध्याकाळी रुतिकाच्या स्कूटीवर बसताना ती खाली प्लॅस्टिकची पिशवी घ्यायची. सून पुढं बघत गाडी चालू करायची.

एकदा सोसायटीतली एक ओळखीची बाई नाकाला रुमाल लावून म्हणाली, "आज कसला तरी वास येतोय, मावशी."

"बोंबील हायेत," येसूबाई म्हणाली. त्या दिवशी तिच्याकडं बोंबील नव्हते.

मग एका सकाळी धक्क्यावर माल जास्त मिळाला. गोजरा पैसे चुकते करायला गेली होती. येसूबाईनं तिची वाट बघितली नाही. तिनं पाटी एकटीनं कमरेपर्यंत ओढली, दम धरला आणि वर झटका दिला. आतून काहीतरी निसटलं. पायापाशी टप् असं वाजलं. कडी चिखलात पडली होती, मासळीच्या खवल्यांमध्ये. लिलावाची माणसं येत-जात होती. एकानं कडीवर पाय देता देता चुकवला. "मावशी, कुकरची रिंग पडली तुमची," तो म्हणाला.

येसूबाईला वाकता येईना. वाकलं की उरलंसुरलं खाली येणार. पाटी डोक्यावर, मान ताठ, ती खांबासारखी उभी राहिली. गोजरा परतली. तिनं खाली पाहिलं, येसूबाईच्या तोंडाकडं पाहिलं. मग कडी उचलून बादलीत खळबळून धुतली, पदराला पुसली आणि येसूबाईच्या कमरेच्या पिशवीत टाकली. तिनं पाटीला हात लावून ती खाली उतरवली.

त्या दुपारी येसूबाईनं बाळारामला सांगितलं, "मी ऑपरेशन करून घेतंय."

"बरा," बाळाराम म्हणाला. मग थोड्या वेळानं, "कोपऱ्यावर कोन बसंल?"

दीपेश म्हणाला, "जाऊ दे ती जागा, आये. घरी बस आता." येसूबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो मोबाईल घेऊन बाहेर गेला. रुतिकाला नोकरी होती. गोजरा दोन जागा किती दिवस अडवणार. बाळाराम जाळं गुंडाळत बसला होता. "मी बसतंय," तो म्हणाला.

कोळ्यांतला पुरुष मासळी मारतो, मासळी विकायला बसत नाही. बायकांच्या रांगेत मोरली पुढ्यात घेऊन बसलेला पुरुष गावानं पाहिला नव्हता. येसूबाईला वाटलं, हा उद्या विसरेल. तो विसरला नाही.

मॅडमना तिनं सांगितलं, "पिशवी वर बांधा. गलतंय त्याचा नंतर बगू. एक टायमाला एकच."

ऑपरेशनच्या वेळी कमरेत सुई दिली आणि कमरेखालचं सगळं परकं झालं. ती पूर्ण जागी होती. पडद्यापलीकडं सुनीती मॅडम कुणालातरी धागा मागत होत्या, कात्री मागत होत्या, आणि मधेच विमानतळाच्या रस्त्यावरच्या गर्दीबद्दल बोलत होत्या. येसूबाईला वाटलं, आपल्या आत हात घालून ही बाई रस्त्याचं बोलते आहे, म्हणजे काम बरं चाललं असावं. किंवा फार सोपं असावं. मग इतकी वर्षं का सोसलं, असा विचार आला आणि ती झोपेत गेली.

वॉर्डात तिला जाग आली तेव्हा बाळाराम स्टुलावर बसला होता. दुसऱ्या दिवशी सुचिता नावाची नर्स आली, ताप बघितला, चादर वर करून बघितली आणि म्हणाली, "छान. उद्या सकाळी पिशवी काढू, मग घरी."

बाळाराम उभा राहिला. "कोन काढनार?"

"मी काढीन. दोन मिनिटांचं काम."

"नाय काढायची," बाळाराम म्हणाला. तो हळू आवाजाचा माणूस, पण सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. "मॅडम बोलल्यात, बांधून ठेवलीय. तुमी आता दोन मिन्टात कशी काढता? मॅडमना बोलवा."

"अहो काका, सगळ्यांचीच काढतो."

"सगल्यांची काढा. हिची नाय."

येसूबाई चादर छातीशी धरून एकदा नर्सकडं, एकदा नवऱ्याकडं बघत होती. इतकं करून शेवटी काढणारच होते तर मग बांधली कशाला. सुचिताला काही क्षण उमगेना. मग तिनं वाकून कॉटच्या कडेला अडकवलेली लघवीची प्लॅस्टिकची थैली उचलून बाळारामच्या पुढं धरली. "ही, काका. ही पिशवी. आणि ही नळी."

पलीकडच्या कॉटवरची म्हातारी आधी हसली. मग सगळा वॉर्ड हसला. येसूबाईला हसू आलं आणि टाके ताणले, म्हणून तिनं दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं. बाळाराम कान लाल करून स्टुलावर बसला. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "या लोकांनी येगली नावं ठेवाया पायजेत."

घरी आल्यावर पहिल्यांदा न्हाणीत बसली तेव्हा तिचं बोट सवयीनं खाली गेलं. ढकलायला काही नव्हतं. ती तशीच बसून राहिली. लघवी आपली आपण आली, बारीक, थांबत थांबत, पण आली. झालं की अजून आहे, हे तिला कळेना, म्हणून ती पाय बधिर होईपर्यंत बसली.

बरं वाटायला हवं होतं, सगळे विचारत होते तेव्हा ती बरं आहे म्हणायची. पण आतलं रिकामं वाटायचं. जे इतकी वर्षं ओझं होतं त्याची तिला सवय झाली होती. उठताना ती अजून जपून उठायची, काहीच उतरत नसताना. खोकला आला की थेंब गळायचे. मॅडमनी आतून आवळायचा व्यायाम दिला होता, लघवी रोखून धरतो तसा. येसूबाई भाताला आधण येईपर्यंत भिंतीला टेकून आवळायची. आपण बरोबर तेच आवळतोय का दुसरंच काही, हे मात्र बघणार कोण. रुतिकाला विचारलं तर ती लाजली, मग मोबाईलवर चित्र काढून दाखवलं. चित्र उलटं का सुलटं ते दोघींनाही समजलं नाही.

कोपऱ्यावरच्या बातम्या गोजरा आणायची. बाळाराम पहिल्या दिवशी तोंडाला रुमाल बांधून बसला. आइसबॉक्सवाला बाईक उभी करून हसला, म्हणाला, "काका, साडी कुठं विसरला?" बाळाराम जागचा उठला नाही. त्याला भाव सांगता येत नव्हता. बायका निम्म्यावर मागायच्या आणि तो द्यायचा, वर मूठभर कोलबी जास्त टाकायचा. मासा साफ करताना त्याचा अंगठा कापला. "पन जागा हाय तिथं हाय," गोजरा म्हणाली.

येसूबाईला ओझं बंद होतं, चालणं बंद नव्हतं. एका सकाळी ती छत्री घेऊन निघाली. टॉवरांच्या सावलीतून, नव्या रस्त्याच्या कडेकडेनं, मधे दोनदा कट्ट्यावर टेकत, ती कोपऱ्यावर पोचली. बाळाराम मोरलीपाशी मांडी घालून बसला होता. एक पोरगेलीशी बाई पापलेटाची पोटं काढून मागत होती आणि तो मान वाकडी करून, दात आवळून काढत होता. अंगठ्याला चिंधी. येसूबाईनं पाहिलं, पोट त्यानं भलतीकडून फाडलं होतं. गिऱ्हाईक गेल्यावर त्यानं वर पाहिलं आणि बर्फाचा रिकामा क्रेट पालथा करून तिच्याकडं सरकवला.

"बस," तो म्हणाला. "चिंबोऱ्यांचा भाव काय सांगू? सगल्या येगलाच मागतात."

तिनं भाव सांगितला. पुढच्या बाईला त्यानं तो सांगितला, आणि बाईनं अर्ध्यावर मागितल्यावर येसूबाईकडं पाहिलं. तिनं मान नकारार्थी हलवली. त्यानंही हलवली. बाई कुरकुरत पूर्ण भावानं घेऊन गेली. बाळाराम पाण्याचा हंडा भरून आणायला उठला, आणि येसूबाई न् शेजारची गोजरा अशा दोघीच राहिल्या.

गोजरा खवले काढत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "आता बरा हाय का तुजा?"

बाकी सगळ्यांना येसूबाई पटकन हो म्हणायची. गोजराला तसं म्हणता आलं नाही. "मना कल्ला नाय अजून," ती म्हणाली. "वर हाय ते वरच हाय. गलतंय थोडा. बरा म्हनायचा का काय, तेच कलत नाय."

गोजरानं मासा पलटला. खवले उडून दोघींच्या हातांवर पडले. वरून विमान गेलं.

"माजी पिशवी काढली," ती म्हणाली. "तरी खाली येतंय."

"काय येतंय? पिशवीच नाय तं."

"तेच तं. मना वाटला, मना भास व्हतंय. कुनाला सांगू? काढलेली वस्तू परत येते म्हनून सांगू?"

इतकी वर्षं शेजारी बसून ही बाई आपल्या पाट्या उचलून देत होती, दोघींच्या पाट्या. पिशवी नसताना काय खाली येऊ शकतं, हे येसूबाईला माहीत नव्हतं. दोन पिशव्यांतच ती अजून पुरती सुटली नव्हती, आणि ही तिसरीच गोष्ट.

"बुधवारी मना दाखवायला जायाचा हाय," ती म्हणाली. "तू चल संगती."

"काय करतात तिथं?"

येसूबाईनं आठवून पाहिलं. यंत्र, कडी, पडदा, नळी, मुडपलेलं काय आणि बांधलेलं काय. त्यातलं नीट समजावून सांगता येईल असं तिला काहीच सापडेना.

"खोकायला लावतात," ती म्हणाली. "तवा लाजायचा नाय. गलला तं गलू द्यायचा. नर्स पुसून घेतात."

"उभ्यानं का झोपून?"

"दोनी."

गोजरानं मोरली बाजूला ठेवली. बाळाराम हंडा घेऊन अजून लांब होता, रस्त्यावर गिऱ्हाईक नव्हतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं, तोंडावर पदर धरला आणि हळूच एकदा खोकून पाहिलं.